गप्प म्हणजे आणखी

१

कंट्रोल सकाळी आठला खुर्चीत बसायचा आणि संध्याकाळी सहाला उठायचा. मधल्या दहा तासांत तो चौसष्ट छपरांवर जाऊन यायचा, आणि तेसुद्धा एकाही छपरावर पाय न ठेवता. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल कुठेतरी. टॉवरवर चढणारी माणसं फोन लागला की "हां, बोला कंट्रोल" म्हणायची, तेच चिकटलं. सख्खी बहीणसुद्धा चिडवायचं असलं की त्याच नावाने हाक मारायची.

काम समजायला सोपं होतं. जिथे तार ओढणं जमत नाही तिथे एका छपरावर एक डिश आणि समोरच्या टेकडीवर दुसरी, अशा दोघी एकमेकींच्या तोंडाकडे टक लावून बसवायच्या. त्या जोडीला म्हणायचं लिंक. कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे शीतगृह, सगळ्यांचं इंटरनेट असं हवेतून जायचं. वाऱ्याने एखाद्या डिशची मान वाकडी झाली किंवा शेजारी कोणी नवं यंत्र लावून ढवळाढवळ केली, की लिंक कुरकुरायला लागायची आणि कंट्रोलच्या पडद्यावर तिची ओळ हिरव्याची पिवळी व्हायची. मग तो बसल्या जागी तिची नाडी बघायचा, तिचं चॅनेल बदलून द्यायचा, फारच झालं तर बंद करून पुन्हा चालू करायचा. या धंद्यात नियम एकच: काहीही बदलायचं तर आधी लांबच्या टोकाला बदलायचं, मग जवळच्या. उलटं केलं तर लांबचं टोक तिकडेच हरवतं, आणि मग कोणाला तरी चढावं लागतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खाली टायरवाल्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर हवेच्या नळीचं फुसफुसणं चालायचं. खोलीत एक टेबल, तीन पडदे, बंद न होणारं कपाट आणि एक कुबट वास मारणारा एसी. इथे पाच वर्षं काढली की माणूसही कपाटासारखा होतो, असं कंट्रोल स्वतःच म्हणायचा. त्यावर कोणी हसत नसे, कारण ऐकायला कोणी नसे.

चौसष्ट ओळींच्या खाली एक पासष्टावी ओळ होती, करड्या रंगाची. ती तलावापलीकडच्या टेकडीवरच्या पंपघराची. तिथला टॉवर चौदा महिन्यांपूर्वी मुळापासून कापून भंगारात गेला होता आणि पंपघराला जमिनीखालून तार मिळाली होती. ती ओळ पुसायला हवी होती. पण ओळ पुसायला गेलं की यंत्र 'कारण लिहा' म्हणून एक रिकामी चौकट पुढे करायचं. कंट्रोलने ती चौकट तीन-चारदा उघडली होती आणि तशीच बंद केली होती.

एका सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती करडी ओळ पिवळी झाली.

२

आधी त्याला हसू आलं. भंगारवाल्याने डिश विकली असणार आणि कोणा उपटसुंभाने ती आपल्या गच्चीवर लावली असणार. जुनी डिश जुन्या जोडीदाराला शोधते, त्यात नवल काय? त्याने यंत्राचा क्रमांक काढून बघितला. तोच होता. म्हणजे अंदाज बरोबर निघाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्याचं लक्ष सिग्नलच्या आकड्याकडे गेलं. हा आकडा नेहमी वजा असतो आणि शून्याच्या जितका जवळ येईल तितकं चांगलं. वजा नव्वद म्हणजे मेल्यात जमा. वजा पंचावन्न म्हणजे दोन्ही डिश अगदी नाकासमोर. आत्ता वजा अठ्ठ्याऐंशी होता. बघता बघता सत्याऐंशी झाला, शहाऐंशी झाला. मग जरा थांबला. मग एकदम ब्याऐंशी.

कोणीतरी डिश हाताने फिरवत होतं. फिरवेना का, नवीन मालक असेल. पण कंट्रोलचा हात माऊसवर थिजला तो त्या आकड्याच्या चालीमुळे. दोन बारके झटके, मग दम, मग एक मोठा. पुन्हा दोन बारके, दम, एक मोठा. जिन्यावरच्या पावलांवरून घरात कोण आलं ते कळतं ना, तसं त्याला आकड्यांवरून वर कोण चढलंय ते कळायचं. एक जण घाईने फिरवायचा, दुसरा भीत भीत. दोन बारके आणि एक मोठा असं फिरवणारा माणूस कंपनीत एकच होता.

आकडा चढत चढत वजा चोपन्नवर आला. तिथे तो थांबला. कंट्रोलने घड्याळात बघितलं नाही, पण तो थांबा साध्या दमापेक्षा लांबला होता. मग आकडा पुढे सरकला आणि पडायला लागला. एकसष्ट, सत्तर, ऐंशी. दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी ओळ पुन्हा करडी झाली.

त्याने एसी वाढवला. थोड्या वेळाने थंडी वाजली म्हणून कमी केला.

३

असा फिरवणारा माणूस म्हणजे भाऊजी. कंट्रोलच्या ताईचा नवरा, कंपनीतला सगळ्यात जुना चढणारा. त्यांना सगळे 'खार' म्हणायचे. कंट्रोलला नोकरीला त्यांनीच चिकटवलं होतं, आणि ही गोष्ट ते कोणालाच विसरू द्यायचे नाहीत, त्याला तर नाहीच नाही.

वर टॉवरवर माणसाला आकडा दिसत नाही. आकडा बघणारा एकीकडे आणि डिश फिरवणारा दुसरीकडे, दोघांच्या मध्ये फक्त फोन. त्यात वर वारा इतका की दहा शब्दांतला एक कानावर यायचा. म्हणून भाऊजींनी आपला कायदा केला होता. वरून ते विचारायचे, "आणखी?" खाली कंट्रोल गप्प बसला तर आणखी फिरवायचं. आकडा टोकाला पोहोचला की कंट्रोलने एकच शब्द बोलायचा: "थांबा." गप्प म्हणजे आणखी. या कायद्यावर दोघांनी जवळजवळ चार वर्षं काढली आणि कधी चूक झाली नाही.

चौदा महिन्यांपूर्वी त्या दिवशी सकाळी मोठे साहेब ऑफिसात आले होते. सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाले, "आमच्या मेव्हण्याच्या खुर्चीला चाकं कशाला दिलीत साहेब? जन्मात कधी हलला तर ना!" साहेब हसले. साहेब हसले म्हणून बाकीचेही हसले, अगदी चहावालासुद्धा पोट धरून हसला. कंट्रोलही हसला, आणि आतून तडफडला.

दुपारी भाऊजी तलावापलीकडच्या टॉवरवर चढले. वाऱ्याने डिशची मान वळली होती. "आणखी?" आकडा चढत होता. "आणखी?" चढतच होता. वजा चोपन्नवर टोक गाठलं. इथे तो एक शब्द बोलायचा होता. कंट्रोल बोलला नाही. फिरव म्हणावं जरा. गाळ थोडा घाम, बघू तुझी चाकं. त्याला खरोखर एवढंच वाटलं होतं, याहून जास्त काही नाही. पाचएक मिनिटं पिदडावं आणि मग सांगावं की अहो, मागेच झालं होतं, ऐकू आलं नाही का?

त्याने एकूण सात वेळा "आणखी?" ऐकलं. पहिल्या चार वेळा गप्प बसणं हे काम होतं. नंतरच्या तीन वेळा तो मुद्दाम मूग गिळून बसला. डिश इतकी फिरवायची तर खांबाच्या पलीकडच्या अंगाला जावं लागतं, आणि तिकडे जायचं तर कमरेचा पट्टा सोडून पुन्हा अडकवावा लागतो. हे कंट्रोलला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी ते त्याच्या डोक्यात आलं नाही. आठव्यांदा भाऊजींनी विचारलं नाही. लोखंडावर काहीतरी वाजलं, आणि नंतर वीस मिनिटं फोनवर फक्त वारा होता.

चौकशीत त्याने सांगितलं, मी थांबा म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं नाही. संभाषण कुठे टेप होत नव्हतं, मग खोटं कोण ठरवणार? अहवालात आलं: सूचना न पाळल्यामुळे. तेव्हापासून ताईने नवऱ्याला माफ केलं नव्हतं. माणूस गेल्याचं दुःख करायला तिला वेळच मिळाला नाही, ती आधी चिडली आणि मग चिडूनच राहिली. नातेवाईक मात्र कंट्रोलचं तोंड भरून कौतुक करायचे. भाऊ असावा तर असा, बहिणीच्या पाठीशी कसा उभा आहे बघा, म्हणायचे. तो मान खाली घालून ऐकायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा.

४

मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच. बुधवारी आकडा चढायला लागल्याबरोबर त्याने पंपघराला फोन लावला. तिथला पंपवाला म्हातारा, कामापुरता बोलणारा. पण एकटा असल्यामुळे कामापुरतं म्हणजे किती, ते त्याला कळायचं नाही.

"कंट्रोल बोलतोय. काका, तिथला टॉवर आहे का हो?"

"टॉवर? तुम्हीच तर कापून नेलात साहेब. खालचे चार बोल्ट तेवढे राहिलेत, त्यात पाय अडकून परवा मीच पडणार होतो. ते काढायला कोण येणार आहे? मी दोनदा सांगितलंय."

"बघतो. दुपारचं कोणी येतं का तिथे?"



"म्हणजे तुम्ही पाठवलेला नाही का तो माणूस?" पंपवाल्याने विचारलं.

"कोणता माणूस?"

"दिसला नाही मला. मी म्हटलं कंपनीचा असेल, आपण कशाला मध्ये पडा. आवाज येतो. सारखं आपलं 'आणखी? आणखी?' विचारत असतो. आत्तासुद्धा चालूच आहे की."

"कुठून येतो आवाज?"

"वरून."

"वरून म्हणजे कुठून काका? टॉवर तर कापलाय ना?"

"आता ते मला काय माहीत? वरून म्हणजे वरून," पंपवाला वैतागून म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, "साहेब, तुमचं काय असेल ते सांगून टाका त्याला. ऐकवत नाही हो. लहान मूल विचारतं ना, तसं विचारतोय."

कंट्रोलने फोन ठेवला. म्हातारा पितो, असं कोणीतरी म्हणाल्याचं त्याला आठवलं. नंतर आठवलं की कोणी म्हणालं नव्हतं, त्याला तसं असायला हवं होतं.

५

गुरुवारी सकाळी तो गच्चीवर गेला. पाच वर्षांत दुसऱ्यांदा. या इमारतीच्या गच्चीवरच जोडीतली जवळची डिश होती. तिची जोडीदारीण भंगारात गेली तरी हिला उतरवायची कोणी तसदी घेतली नव्हती. पाण्याच्या टाक्यांमागे, तलावाकडे तोंड करून ती उभी होती. पांढरा रंग उडालेला, मागे पक्ष्यांची घाण. कंट्रोलला वाटलं होतं आपण घाबरू. पण तिला बघून त्याला नुसताच कंटाळा आला, एवढं साधं ते दिसत होतं.

त्याने तिची तार उपटली. एवढ्याने समाधान होईना म्हणून खाली येऊन तिला वीज पुरवणारा डबाही भिंतीवरून काढला आणि टेबलाच्या खणात टाकला. आता या बाजूला ऐकायलाच कोणी नव्हतं. कान कापून टाकल्यावर आवाज कुठून येणार? ओळ करडी होती. त्याने पान पुन्हा पुन्हा उघडलं, करडीच होती. जेवण गोड लागलं त्याला त्या दिवशी.

दोन वाजून दहा मिनिटांनी ओळ पिवळी झाली.

त्याने खण उघडला. डबा तिथेच होता, तार गुंडाळलेली. आकडा अठ्ठ्याऐंशीवरून शहाऐंशीवर आला. पान जुनं दाखवत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि ती घालत असतानाच त्याला स्वतःची कीव आली. लोकांना फोनवर तो हेच सांगायचा, पान जुनं असेल, बंद करून उघडा. त्यालाही ते कधी खरं वाटायचं नाही.

हल्ली सगळे फोन कॉम्प्युटरवरूनच यायचे, त्यामुळे माइकवाला हेडफोन दिवसभर त्याच्या गळ्यात असायचा. आत्ता कोणाचाही फोन चालू नव्हता. तरी गळ्यापाशी काहीतरी सळसळत होतं. त्याने हेडफोन कानाला लावला. आत वारा होता. नुसता वारा, वीस मिनिटं ऐकला होता तोच. आकडा वजा चोपन्नवर येऊन थांबला आणि कानात अगदी जवळून, दम लागलेल्या माणसाने विचारलं, "आणखी?"

एक शब्द बोलायचा होता. त्याची जीभ टाळूला चिकटली, पण भीतीने नव्हे. भीती तर होतीच. जीभ अडली ती वेगळ्याच गोष्टीवर. आज थांबा म्हणायचं म्हणजे त्या दिवशी म्हटलं नव्हतं हे कबूल करायचं. आणि ते ऐकायला या खोलीत कोणी नसताना, एका मेलेल्या माणसापुढेसुद्धा, ते त्याच्याच्याने होईना.

तो गप्प बसला. कानातल्या वाऱ्यात पाना कुरकुरला आणि आकडा पडायला लागला.

६

शुक्रवारी ताई आली. ती शुक्रवारी यायचीच, त्याच्यासाठी डबा घेऊन. पण ती नेहमी बाराला येते म्हणून कंट्रोल निर्धास्त होता. ती आली दोनला.

"बस चुकली," ती म्हणाली. "तू काय असा बसलायस? ताप आहे का?"

"नाही गं. तू ठेव डबा आणि जा. मला काम आहे."

"जाते. मी काही तुझ्या कामाच्या आड येत नाही." पण ती कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसली आणि पिशवीतून घडी केलेला एक कागद काढला. "हे वाच. तुझ्या भाचीने शाळेत लिहिलंय."

निबंध होता, माझे बाबा. अक्षर टपोरं. माझे बाबा उंच चढायचे. माझे बाबा कोणाचं ऐकत नसत म्हणून ते पडले. आपण मोठ्यांचं ऐकावं. खाली बाईंनी लाल शाईने 'छान' लिहिलं होतं.

"छान," ताई म्हणाली. "बाई लिहिते छान! आणि बाईला तरी काय बोलू? हे मीच शिकवलंय पोरीला. चौदा महिने हेच सांगतेय, बाप तुझा ऐकत नव्हता म्हणून गेला. परवा फोटो काढून ठेवत होते भिंतीवरचा. तर ती म्हणते, आई, बाबा वाईट होते का गं? मला तोंडात मारल्यासारखं झालं."

पडद्यावर ओळ पिवळी झाली. कंट्रोलने पडदा किंचित वळवला. अठ्ठ्याऐंशी. सत्याऐंशी.

"हट्टी होते, मान्य आहे," ताई म्हणाली. "पण वर गेल्यावर नाही रे. घरात हजारदा सांगायचे, वर माझा जीव तुझ्या भावाच्या तोंडात असतो. तो एक शब्द बोलला की माझा हात थांबतो. मग त्या दिवशीच का नाही थांबला? मला झोप लागत नाही त्या एका गोष्टीने. मी तुला कधी विचारलं नाही. आज विचारते. तुला माझी शपथ आहे. किती वेळा सांगितलंस तू त्यांना?"

चौसष्ट. साठ. गळ्यातल्या हेडफोनमध्ये वारा सळसळत होता आणि ताईला तो ऐकू येत नव्हता. तिचे डोळे कोरडे होते. तिला फक्त उत्तर हवं होतं, कसलंही, पण खरं. तिने ते ऐकलं असतं तर काय केलं असतं? कंट्रोलने या प्रश्नावर चौदा महिने घालवले होते. कदाचित तिने त्याचं तोंड पाहिलं नसतं पुन्हा. पण रात्री घरी जाऊन तिने फोटो भिंतीवर लावला असता, पोरीला जवळ घेतलं असतं, आणि पहिल्यांदा नवऱ्यासाठी रडली असती. एवढं सगळं त्याच्या एका वाक्यावर अडलं होतं. त्याला ते स्वच्छ दिसत होतं.

आकडा वजा चोपन्नवर आला.

"तीनदा," कंट्रोल म्हणाला. "तीनदा सांगितलं ताई. थांबा म्हटलं, ओरडून म्हटलं, थांबा. नाहीच ऐकलं त्यांनी."

ताईने मान हलवली. कागदाची घडी केली, घडीवर नख फिरवलं आणि कागद पिशवीत टाकला.

"मग संपलं," ती म्हणाली. "मग आहे तेच बरोबर."

कंट्रोलने पडद्याकडे बघितलं. माइक त्याच्या हनुवटीखाली लोंबत होता. वजा चोपन्न. तो पडण्याची वाट बघत राहिला. आकडा पडला नाही. गळ्यापाशी वारा बंद झाला होता. त्या आठवड्यात ओळ पहिल्यांदाच हिरवी झाली.

७

त्या पानाच्या तळाशी एक आकडा असतो, तिकडे कोणी बघत नाही, कारण तो कधी बदलत नाही. दोन डिशमधलं अंतर. सरळ रेषेत अकरा किलोमीटर दोनशे मीटर. कंट्रोलची नजर तिथे गेली तेव्हा तो अकरा किलोमीटर शंभर मीटर होता. त्याने डोळे चोळले. अकरा.

काम झालं होतं. शब्द मिळाला होता. शब्द मिळाला की चढलेला माणूस पाना कमरेला लावतो आणि उतरतो, त्याला वर बसून काय करायचंय?

"ताई, तू घरी जा."

"जाते रे. कसली घाई आहे? पोरगी पाचला येते." तिने चप्पल काढून पाय वर घेतले. "आज जरा बसते तुझ्यापाशी. तुझ्यावरही मी उगाच संशय घेतला मनातल्या मनात. आज फिटला. तू जेव ना, गार होईल सगळं."

नऊ किलोमीटर. आठ. त्याने डबा उघडला. घास तोंडात घातला आणि तो तसाच फिरत राहिला. अजून वेळ होता. सात किलोमीटर म्हणजे वेळ असतो. ती समोर बसली होती, वाक्य तयार होतं, फक्त तोंड उघडायचं होतं.

"ताई."

"काय?"

"मीठ कमी आहे."

"तुला कधी बरोबर लागलंय?" ती म्हणाली आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा थोडीशी हसली. ते हसू बघून त्याचा उरलासुरला धीरही गळाला. आता सांगितलं तर हे हसू आपणच पुसणार, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि आपण किती चांगले आहोत असं क्षणभर त्याला वाटलंसुद्धा. चार किलोमीटर. आकडा आता शंभरशंभराने नाही, पाचशेपाचशेने उतरत होता.

त्याने पडदा बंद केला. पडदा बंद केल्याने अंतर थांबत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? खाली टायरवाल्याची हवेची नळी फुसफुसत होती. ती थांबली. कोणीतरी खाली काहीतरी पाडलं आणि नंतर एकदम शांत झालं. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. वाजलं ते छतावर, गच्चीच्या बाजूला, एकेक, सावकाश.

"कोणीतरी आलंय बहुतेक," ताई म्हणाली.

"उघडू नकोस."

"का रे? साहेब असतील." ती उठली, चप्पल न घालता दारापर्यंत गेली. तिने कडी काढली.

कंट्रोल टेबलामागून उठला नाही. तिथून त्याला ताईची पाठ दिसत होती आणि अर्धवट उघडलेलं दार. बाहेरचा जिना रिकामा होता. ताई रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली, आणि मग शिडीवरच्या माणसाशी बोलताना करतात तशी तिने मान हळूहळू वर केली. दाराच्या चौकटीच्या अगदी वरच्या पट्टीवर, जिथे उभ्या माणसाचा हात पोहोचत नाही, तिथे वरून चार बोटं आली आणि पट्टी घट्ट धरून राहिली. ग्रीसने काळी झालेली बोटं.

कंट्रोलने डोळे मिटून घेतले.

"अहो," ताई म्हणाली. हा आवाज त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकला होता, नंतर नाही. "अहो, किती दमलात."

मग ती गप्प झाली. कोणीतरी बोलत असताना माणूस गप्प होतो, तशी. कंट्रोलला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त एसीचा घरघराट आणि त्यात मधूनमधून ताईचं "हं". एकदा ती म्हणाली, "नाही, पोरगी शाळेत आहे." मग तिचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

त्याने डोळे उघडले. दारात आता फक्त ताई होती. ती वळून त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा गालांपर्यंत ओला होता.

"एकदाही नाही?" तिने विचारलं.